बिनगळाचा बेडूक

आमच्या हिचा रबरी बेडूक अजून गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलाय. पाठ हिरवी, पोट पांढरं, मागं पायांसारख्या दोन रबरी झालरी. सून प्रिया दोनदा म्हणाली, "बाबा, बॉक्समध्ये ठेवू का?" म्हटलं, हात लावू नको. तिला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

ही म्हणजे इंदू, माझी बायको. गेल्या हिवाळ्यात गेली. घरामागचं तळं तेव्हा गोठून दगड झालं होतं. आम्ही मिशिगनला, नोव्हायमध्ये मुलाकडं राहतो. मुलगा संजय मोटारीच्या कंपनीत इंजिनियर आहे. मी मिरजेत एसटीच्या वर्कशॉपला फिटर होतो. सातवीपर्यंत शाळा, पुढं हातात पाना. लिहिणं माझं काम नाही. पण इथल्या मराठी मंडळाच्या अंकात हिच्यावर चार ओळी द्यायच्या म्हणून कुणीतरी लिहून आणलं, 'मनमिळाऊ, सुगरण, सदा हसतमुख'. वाचून डोकं फिरलं. ही मनमिळाऊ नव्हती. सुगरण तर अजिबात नव्हती, हिच्या आमटीत मीठ कधी एकदम बरोबर पडलं असं मला आठवत नाही. हसायची, पण माणसांकडं बघून कमीच. ती कोण होती ते मला माहीत आहे, म्हणून मीच लिहायला बसलो.

इथं आल्यावर पहिला हिवाळा हिनं खिडकीत काढला. मला टीव्ही पुरतो. हिला काही पुरत नव्हतं. "अंग आंबलं माझं," म्हणायची. बर्फ वितळला, तळ्यात कमळाची पानं आली, तसा शेजारचा रॉन रोज काठावर उभा राहायला लागला. रॉन कारखान्यात डाय, म्हणजे साचे, बनवायचा, आता रिटायर. एकटाच असतो. बोलणं कमी, म्हणून मला आवडला.

एक दिवस ही तळ्याला फेरी मारताना रॉनच्या पेटीपाशी थांबली. उघडी पेटी, खणाखणात रंगीत रबर, पितळी पाती, पिसं. मासे धरायची खोटी आमिषं सगळी. त्यात हा बेडूक. हिनं तो चिमटीत धरून उचलला, पोट दाबलं, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. अमेरिकेत पहिल्यांदा. रॉनला वाटलं, आपलं काही चुकलं.

"काय गं?" मी म्हटलं.

"अवो, ह्येनी बेडूक रबराचा केलाय! आमचा आबा जित्ता लावायचा. पाठीतनं गळ घालायचा, पर मरू द्यायचा न्हाई. पाण्यावर नाचवत न्यायचा. मरळ आशी उसळायची!"

हिचा बाप कृष्णेकाठचा भोई. ते मला माहीत होतं. पण ही लहानपणी बापाबरोबर काठी घेऊन मरळी धरायची, हे मला तळ्याच्या काठावर, म्हातारपणी, अमेरिकेत कळलं. लग्न करून क्वार्टर्समध्ये आली ती नदीकडं मासे धरायला परत कधी गेलीच नाही. रविवारी बाजारातून मी पिशवीतून मासे आणायचो, ही साफ करायची.

"मला कधी बोलली नाहीस."

"तुमी कवा इचारलं?"

हे तिचं नेहमीचं उत्तर.

या तळ्यातला मासा म्हणजे बास. हिचं म्हणणं, बास हा मरळीचा गोरा भाऊ. तोच स्वभाव. पानाखाली, सावलीत दबा धरून बसणार. पोट भरलेलं असलं तरी कुणी डोक्यावरून गेलं की चिडून तोंड टाकणार. "ह्येला भुकेनं न्हाई, रागानं धरायचा," म्हणायची. त्याच दिवशी हिनं रॉनच्या हातातला रॉड घेतला आणि त्याला बांधलेला बेडूक जोरात फेकला. त्याच्या रॉडवर होतं त्या जातीच्या रिळावर सगळा खेळ अंगठ्याचा असतो. बेडूक सुटला की रीळ भरभर फिरतं, आणि बेडूक पाण्याला टेकला की अंगठ्यानं रीळ दाबून थांबवायचं. नाही दाबलं तर रीळ फिरतच राहतं आणि तंगूस, म्हणजे रिळावरचा नायलॉनचा दोरा, आतल्या आत फुगून गोळा होतो. हिनं दाबलं नाही. रॉनच्या रिळाचं चिमणीचं घरटं झालं.

रॉननं ते माझ्या हातात दिलं. फिटरचं काम आहे, त्यानं बरोबर ओळखलं. बेडूक त्यानं हिला देऊन टाकला, आणि तेव्हापासून माझी नेमणूक झाली. ही फेकणार, गुंता मी सोडवणार. बाकावर बसून सुईनं एकेक वेढा उचलायचा, शिव्या द्यायच्या. मी स्वतः कधी रॉड धरला नाही. मला मासे ताटात आवडतात.

ताटाचीच भानगड झाली पहिल्यांदा. हिला पहिला बास लागला तो चांगला हातभर होता. हिनं लगेच सुनेच्या किराणाच्या पिशवीत घातला आणि घराकडं चालू पडली. रॉन मागं धावत आला. या तळ्याचा नियम आहे, मासा धरायचा आणि सोडायचा. नेता येत नाही. संजयनं फोनवर समजावलं.

"सोडायचा? मग धरला कशाला?"

"आई, स्पोर्ट आहे तो. मजा म्हणून."

"मजा? जिवाच्या तोंडात गळ घालून मजा? आन् मग म्हनायचं जा बाबा घरी? ही कुठली रीत?"

दोन दिवस ही काठावर गेली नाही. माझ्याशीसुद्धा बोलली नाही, जसा काय नियम मीच केला होता. तिसऱ्या दिवशी गेली. पण सोडण्याची स्वतःची पद्धत काढली. रॉन मासा पाण्यात सरळ टाकून द्यायचा. ही गुडघ्यावर बसायची, अंगठा माशाच्या खालच्या ओठात, दुसरा हात पोटाखाली, आणि त्याला पाण्यात नुसता धरून ठेवायची. कल्ले हलायला लागायचे. मग तो एक झटका देऊन निघून जायचा.

"त्येनं हात सोडला पायजे," म्हणायची. "आपन न्हाई सोडायचा."

रॉनला भाषा कळत नव्हती, पण पुढं तोही तसंच करायला लागला. त्याचे गुडघे दुखायचे, तरी बसायचा.

आमिषं घ्यायला दुकानात जाणं हा एक तमाशा. दुकान केवढं, तर आमच्या वर्कशॉपएवढं, आणि भिंतभर नुसते खोटे किडे आणि मासोळ्या. लोक पाकिटावरचं वाचून घेतात. हिला वाचता येत नव्हतं. ही एकेक पाकीट ट्यूबलाइटखाली धरायची, मान वाकडी करून बघायची, कधी वास घ्यायची. रॉड घेताना त्याचं टोक जमिनीला टेकवून दाबायची आणि तो कुठून वाकतो ते बघायची. टोकालाच वाकला तर पसंत. मधनं वाकला की परत. बेडकासाठी जाड रॉड लागतो, कारण मासा पानांसकट ओढून काढायचा असतो. रबरी किड्याला हलका चालतो. हे मी ऐकून ऐकून शिकलो, उपयोग काहीच नाही.

नावं हिनं स्वतः ठेवली होती. दोन पितळी पाती गरगर फिरवत, चमकत, आवाज करत येणारं एक आमिष असतं. त्याचं नाव मोठी जाऊ. तोंडाला प्लॅस्टिकची जीभ असलेला एक मासा ओढला की खाली खाली नाक खुपसत जातो, ती नणंद. आणि तळाला जाऊन ढिम्म बसणारा, शिशाच्या डोक्याचा, तो मामंजी. माझे वडील. मी रागावलो तर म्हणाली, "का? बसून न्हवते का हलवायचे सगळ्यास्नी?" रॉननं नावं पाठ केली. सकाळी कुंपणाशी येऊन विचारायचा, "इंदू, टुडे मोटी जाऊ?" ही आभाळाकडं बघायची, पाण्याकडं बघायची आणि मान हलवायची. "नो. मामंजी." एवढ्यावर दोघांचं सगळं चालायचं.

आता कुणाला वाटेल हिला सगळं बरोबर कळायचं. नाही. हिनं एक राणी कलरचा रबरी किडा घेतला होता. सगळा उन्हाळा तो पाण्यात बुडवला, एक मासा आला नाही. रॉन डोकं धरायचा, वांग्याच्या रंगाचा दाखवायचा, तो चालतो म्हणून. ही म्हणायची, "तू गप. त्येलाच लागंल." नाही लागला. पुढच्या वर्षीही नाही. चूक कबूल करणं हिच्या रक्तात नव्हतं. राणी कलरचा आपल्याला आवडतो तर माशाला का आवडू नये, एवढंच तिचं शास्त्र.

बासचे दात बारीक असतात, पॉलिश पेपरसारखे. ओठ धरून धरून हिच्या अंगठ्याचं कातडं खरबरीत झालं. वर रिळाचा घासा. रात्री पांघरूण ओढताना ते लोकरीला अडकायचं. मी म्हणायचो, व्हॅसलीन लाव. लावायची नाही.

त्या अंगठ्यानं एकदा संजयला घाम फोडला. ग्रीन कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायचे होते. मशीनच्या काचेवर हिनं अंगठा ठेवला, मशीन घेईना. पुसला, ठेवला, घेईना. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, या काय काम करतात? संजय हातातले कागद चाळायला लागला. इंजिनियर माणूस, काय सांगणार? हिला प्रश्न कळला. हिनं तिथंच, रांगेतल्या सगळ्यांसमोर, दोन्ही हातांनी रॉड फेकून दाखवला, तोंडानं रिळाचा आवाज काढला आणि अंगठा पुढं धरला. गोष्टीत असता तर तो माणूस हसला असता. तो हसला नाही. पुन्हा या म्हणाला. गाडीत संजय म्हणाला, "आई, तोपर्यंत प्लीज फिशिंग बंद कर. स्किन हील होऊ दे."

"तुज्या कार्डासाठी मी हात मऊ करत बसू?"

"माझ्या नाही, तुझ्या कार्डासाठी!"

"मग र्‍हाऊ दे."

शेवटी सुनेनं दोन आठवडे क्रीम चोपडून हातात मोजे घालायला लावले. ठसे उमटले. घरी आल्याआल्या हिनं मोजे काढून तळं गाठलं.

तर अशी ही. हिला बाकी कशाची हौस नव्हती. दागिना नको, साडी नको, फिरायला नको. एकच, की काठावर उभं राहून आपल्या हातानं फेकायचं. दुसऱ्यानं फेकून हातात दिलेला रॉड हिला चालायचा नाही. रॉन एकदा सहज फेकून देत होता तर हिनं सगळा तंगूस परत गुंडाळला आणि पुन्हा स्वतः फेकला. "त्येनं टाकलं तर मासा त्येचा," म्हणाली.

आणि नेमका हातच गेला.

एक दिवस सकाळी चहाचा कप उचलता उचलता सांडला, तोंड वाकडं झालं. पॅरालिसिस. दवाखान्यातून आली तेव्हा उजवा पाय ओढत चालायची, उजव्या हाताची बोटं हलायची, पण अंगठ्यात जीव नव्हता. घरच्यांना वाटलं आता हे फिशिंगचं खूळ संपलं. संजयनं रॉड गॅरेजच्या माळ्यावर टाकले. हिनं विचारलं, "कुटं ठेवलेस?"

"आई, पाण्यात पडलीस तर? मी ऑफिसला, प्रिया ऑफिसला. बाबांना पोहता येत नाही."

"पडलो तर पडलो. पानी वळखीचं हाय."

"असं काय बोलतेस?"

"काढ खाली."

मी काढून दिले. संजय माझ्यावर रागावला, चार दिवस नीट बोलला नाही. मुलगा चांगला आहे माझा. घाबरला होता.

काठावर गेलो. हिनं अंगठ्याच्या रिळाचा जुना रॉड घेतला आणि बेडूक फेकला. अंगठा दाबला गेलाच नाही. गोळा झाला. मी सोडवला. परत फेकलं, परत गोळा. मी सोडवत होतो आणि ही दुसरीकडं बघत होती. पूर्वी माझ्या शिव्या ऐकून हसायची. त्या दिवशी मी शिव्या दिल्या नाहीत, ते तिला जास्त लागलं असणार.

रॉननं दुसऱ्या जातीचं रीळ आणलं. ते रॉडच्या खाली लटकतं, गुंता कमी होतो. पण त्यात तंगूस पहिल्या बोटानं धरायचा आणि फेकताना नेमक्या वेळी सोडायचा असतो. हिचं बोट सोडायचं, पण उशिरा. बेडूक पायाशीच आपटायचा. चिखल उडायचा साडीवर. तीन-चारदा झालं की रॉड मला द्यायची आणि म्हणायची, "आज वारं लय हाय." वारं नसायचं.

उन्हाळा तसा गेला. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा रॉन एक आखूड रॉड घेऊन आला. त्याचं रीळ सगळं झाकलेलं, मागं एक मोठं बटण. बटण दाबून धरायचं, रॉड हलवायचा, बटण सोडायचं. बस. डाव्या हातानंही जमतं. इथं चार वर्षांच्या पोरांना पहिलं हेच देतात. त्यावर कार्टूनची चित्रं असतात. रॉननं ती खरवडून काढली होती. पण डिंक राहिला होता, चिकट.

हिनं डाव्या हातानं रीळ चाचपलं. बोट डिंकाला चिकटलं. रॉनकडं बघितलं. रॉन तळ्याकडं बघत होता.

"पोरांचं हाय न्हवं ह्ये?" मला म्हणाली.

मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "हो."

हिनं नखानं डिंक खरवडून बघितला. मला वाटलं, आता पाण्यात भिरकावते.

"द्या," म्हणाली.

त्यावर ही घरात सराव करायची. खुर्चीत बसून, हॉलमध्ये, बेडकाच्या जागी कापडाची गाठ बांधून. सोफ्यावर फेकायची. सून काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण.

मग ते शेवटचं बाहेर जाणं. ऑक्टोबर होता. डॉक्टरांनी चालणं बंद केलं होतं. तळ्यावर व्हीलचेअर जाते असा एक लाकडी धक्का आहे. आदल्या दिवशी हिनं मला बोलावलं आणि म्हणाली, "कटर आना. बेडकाचे गळ काढा."

त्या बेडकाला पोटाशी दोन गळ असतात, वर वळलेले, पाठीला चिकटून.

"गळ काढल्यावर मासा लागणार कसा?"

"लागू नये म्हनूनच. लागला तर त्येला काढनार कोन? खाली वाकून पाण्यात धरनार कोन? तुमी? तुमाला जित्ता मासा धरायला येत न्हाई. रॉनचं गुडगं गेलंय. मला येका हातानं जमत न्हाई." थोडा दम खाल्ला. जीभ जड झाली होती, बोलताना ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, ती मी पुसली. "नीट सोडता येत न्हाई तर धरू नये मानसानं."

मी कापले. चांगलं पोलाद होतं, कटरच्या धारेला दाते पडले. टोकं राहिली ती कानसून गोल केली. वर्कशॉप सोडल्यापासून माझ्या हातून झालेलं नीट काम तेच एक.

थंडीत हिला परत झटका आला. दवाखान्यात मी उशाशी हात धरून बसलेला असायचो. उजवा हात. एकदा सहज अंगठ्यावरून बोट फिरवलं तर मऊ. सगळं खरबरीत कातडं निघून गेलं होतं, लहान पोराचा असावा तसा. मशीननं पहिल्या फटक्यात ठसा घेतला असता. मला तो हात ओळखू येईना. तिथं मी रडलो, हिच्या जाण्याच्या आधी. नंतर नाही आलं रडू.

रॉन अजून कुंपणाशी येतो. काही विचारत नाही. मध्ये एकदा मोठी जाऊ हातात धरून नुसता उभा राहिला, मग गेला.

पण मला त्या लाकडी धक्क्यावरचं सांगायचंय.

दुपारची वेळ. ऊन होतं, त्यात ऊब नव्हती. कमळाची पानं तपकिरी होऊन कुजायला आली होती. सून गाडीपाशी थांबली. मी खुर्ची कडेपर्यंत नेली, ब्रेक लावले आणि मागं दांड्या धरून उभा राहिलो. हिच्या डोक्यावर लोकरीची टोपी, अंगावर माझं जॅकेट, मांडीवर शाल. डाव्या हातात पोरांचा रॉड. उजवा हात शालीत.

हिनं बटण दाबलं. रॉड मागं नेला. सोडला. बेडूक गेला, फार नाही, आमच्या घराच्या हॉलएवढा. एका मेलेल्या पानाच्या कडेला पडला. पण हिनं टाकला होता. आता गुंडाळायचं कसं, एकाच हातानं? हिनं रॉडची मूठ दोन गुडघ्यांत दाबली आणि डाव्या हातानं रिळाची दांडी फिरवली. दोन वेढे, थांबली. दोन वेढे, थांबली. बेडूक पानावरून उतरला, पाण्यावर डुलला.

आणि पाणी फुटलं.

दगड टाकावा तसा आवाज झाला. बेडूक दिसेनासा झाला. रॉडचं टोक खाली ओढलं गेलं, हिच्या गुडघ्यांत रॉड थरथरला, हिनं डाव्या हातानं पकडला. तेवढंच. मग टोक वर आलं. बेडूक वर आला, आडवा, पोट वर करून. तोंडात रुतायला गळच नसल्यामुळं मासा निघून गेला होता.

"आला हुता," ही म्हणाली.

मी म्हटलं, "बघितलं."

"मोटा हुता."

"मोठा होता."

गाडीपासून सुनेनं हाक मारली, "आई, थंडी वाढतेय, निघू या का?" मी ब्रेक सोडायला वाकलो. हिनं मान न वळवता डावा हात वर केला, गप्प राहा म्हणून. पाण्यावर वर्तुळं अजून पसरत होती. ही तिकडं बघत होती. मला नुसती टोपी दिसत होती आणि जॅकेटची पाठ.

"हलू नगा," म्हणाली. "त्यो अजून तितंच हाय."

मी हललो नाही.